जिभेवरून पळालेली गोळी

लग्नाला वर्ष व्हायच्या आत मी माझ्या सासऱ्यांची झडती घेतली.

त्याचं असं झालं. सासुरवाडीला, झरीला, मामांचा, म्हणजे सासऱ्यांचा, गुडघा भोपळ्यासारखा सुजला होता आणि दुसऱ्या दिवशी धाकट्या मेव्हणीसाठी सेलूचं स्थळ बघायला जायचं होतं. मामांचं गोळीशी हाडवैर. कुणी गोळी दिली की गालात धरायची आणि गोठ्यात जाऊन थुंकायची! म्हणून मी परभणीच्या डॉक्टरांना हे सांगून त्यांच्याकडून सुजेवरची नवीनच निघालेली गोळी नेली. ती कशी घ्यायची हे डॉक्टर सांगत होते. पण गोळी गिळायला शिकवणी कशाला? (मी बारावीला सायन्स घेतलं होतं.)

मामांनी गोळी तोंडात टाकली. मी तांब्या पुढं केला.

"पाणी नगं. गेली."

"आ करा बरं!"

गोळी ना गालात, ना जिभेखाली!

"थुंकलात ना, मामा?"

"इमानानं सांगतो, न्हाई थुंकलो! जिभंवर ठिवली अन् इरून गेली."

"गोळी काय बत्तासा हाय का इरायला?" सासूबाई माझ्या बाजूनं.

मी बाज उलटी केली, मामांच्या धोतराचा सोगा झटकला. मेव्हणीनं बॅटरी मारून त्यांच्या मिशा तपासल्या.

"काय झडती घ्यायलाव, जावईबापू? मी काय चोर हाय?"

तेवढ्यात सासूबाईंना दाराशी दाणे टिपणाऱ्या कोंबडीचा संशय आला आणि सगळं घर कोंबडीमागं! (सापडली असती तर मी तिलाही आ करायला लावणार होतो.)

"थांबा! गोळी कशी गिळतात ते मी दाखवतो."

मी ऐटीत दुसरी गोळी स्वतःच्या जिभेवर ठेवली, तांब्या उचलला आणि... गोळी गायब! जिभेनं सगळे दात चाचपले. नुसती गोडसर चव!

"दाजी, गिळा की," मेव्हणी म्हणाली.

"गे... गेली."

"पाण्याबिगर? थुंकली की काय जावयानं?" सासूबाई.

"आ करा!" मामा गरजले.

आणि नवा जावई सगळ्या घरापुढं आ करून उभा!

बायकोनं शांतपणे पाकीट वाचलं. "अहो, जिभेवर आपोआप विरघळते, असं लिहिलंय की ह्याच्यावर!"

दुसऱ्या दिवशी मामा सेलूला जाऊन स्थळ पक्कं करून आले. ओसरीवर बसता बसता म्हणाले, "लय गुणाची गोळी. गुडघ्याची सूज निम्मी उतरली बघा. तुमाला काय फरक पडला का न्हाई?"

काय सांगणार! माझी सूज तर आदल्या दिवशीच, आ केल्या केल्या, उतरली होती.