अकरा गाड्यांची कंपनी

सगळे त्याला काटेवालाच म्हणत. अख्खा ट्रक ज्याच्यावर उभा करून तोलतात, तो जमिनीत बसवलेला वजनकाटा दुरुस्त करण्यात त्याची सत्तावीस वर्षं गेली होती. कारखाना कसा चाललाय हे कळायला त्याला साहेबांच्या केबिनमध्ये शिरावं लागत नसे. काट्याच्या फटीतली माती बघितली की पुरे. शेअर बाजारात या ज्ञानाला काडीची किंमत नाही, हे मात्र त्याला त्याच्या साडूमुळे कळलं.

साडू औषधांच्या दुकानात गोळ्या मोजून द्यायचा आणि उरलेल्या वेळात श्रीमंत होत होता. त्याने काटेवाल्याला मोबाइलवरच्या एका ग्रुपमध्ये घातलं. तिथे चाळीस हजार माणसं होती आणि कुणी कुणाला पाहिलेलं नसल्यामुळे सगळ्यांचा एकमेकांवर गाढ विश्वास होता. ग्रुपच्या मुख्य माणसाला कप्तान म्हणत. कप्तानाने पाइप बनवणारी एक कंपनी शोधून काढली होती. तिच्याकडे म्हणे इतक्या ऑर्डरी होत्या की माल न्यायला ट्रक पुरत नव्हते. सगळे तुटून पडले, म्हणून भाव वाढला. भाव वाढला, म्हणून कप्तान खरा ठरला.

नेमका त्याच कंपनीचा काटा तपासायचं काम काटेवाल्याकडे आलं. जाऊन बघतो तर काट्यावर वॉचमनची चादर वाळत घातलेली, फटींतून गुडघाभर गवत. यंत्रातली नोंद काढली: सहा महिन्यांत अकरा गाड्या, त्यांतले चार पाण्याचे टँकर. वॉचमनच्या सांगण्यानुसार आत एक कारकून आणि एक मांजर एवढाच कारभार उरला होता.

काटेवाल्याने हे सगळं आदबीने ग्रुपवर लिहिलं, फोटोही टाकला. एकाने विचारलं, हे लिहायचे किती मिळाले? दुसऱ्याने शिक्षण विचारलं. तिसरा स्वतःला इंजिनिअर म्हणवत होता. त्याने समजावलं की हल्लीचे पाइप इतके हलके असतात की ते तोलावेच लागत नाहीत. शेवटी कप्तानाने निकाल दिला: कंपनी मोठ्या जागेत जाणार आहे, आवार मोकळं दिसणं हीच तर प्रगतीची खूण. त्या दिवशी भाव आणखी चढला आणि काटेवाल्याला ग्रुपमधून काढून टाकलं.

साडूने बोलणं टाकलं. मेहुणीने आपल्या बहिणीला, म्हणजे काटेवाल्याच्या बायकोला, फोन करून सांगितलं, की काहींना दुसऱ्याचं बरं झालेलं बघवत नाही. बायकोने त्याला एवढंच ऐकवलं, "तुम्हाला कुणी विचारलं होतं का?"

त्यानंतर तीन आठवडे शेअर चढतच राहिला. काटेवाला रोज कामावर जाण्याआधी भाव बघायचा. पहिल्या आठवड्यात तो हसला. दुसऱ्या आठवड्यात त्याने गवताचा फोटो पुन्हा उघडून निरखला. तिसऱ्या आठवड्यात त्याला वाटायला लागलं, की चाळीस हजार माणसांपुढे आपल्या दोन डोळ्यांचं काय चालणार? घराच्या रंगकामासाठी ठेवलेले पैसे त्याने गुपचूप त्या शेअरमध्ये घातले.

बरोबर चौथ्या दिवशी भाव कोसळला. पुढे तर विकायलाही कुणी घेणारा मिळेना. कप्तानाने सर्वांना धीर धरायला सांगितलं आणि ग्रुप बंद करून टाकला. स्वतःचे शेअर त्याने त्याआधीच विकले होते. याबाबतीत त्याने धीर धरला नव्हता.

महिन्याभराने साडू घरी आला. खुर्चीत बसला, गुडघे चोळत राहिला.

"तुम्ही डोळ्यांनी बघून आला होतात," तो म्हणाला. "मग मला हाताला धरून थांबवलं का नाही?"

काटेवाल्याने स्वयंपाकघराकडे बघितलं. आत नळ चालू होता.

"मीसुद्धा घेतले," तो हळूच म्हणाला. "अगदी शेवटी. सगळ्यात महाग."

साडू त्याच्याकडे बघतच राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग चढत गेला. आपण मूर्ख आहोत हे त्याने महिनाभर एकट्याने सोसलं होतं; आता सोबत मिळाली, तीही आपल्याहून सरस. तो मोकळेपणाने हसला, पाय पसरून बसला आणि आत हाक मारून म्हणाला की आज तो जेवूनच जाईल.

नळ बंद झाला. घराला रंग कधी लावायचा, हे विचारायला बायको दारात येऊन उभी राहिली.