बानाबाईनं कावळ्याला दिलेला शब्द

मुकुंदवाडीच्या त्या गल्लीत रामेश्वरचा फोटो पाहिला नाही असं माणूस शोधून सापडलं नसतं. डोक्यावर हातभर उंच पांढरी टोपी, अंगात पांढराशुभ्र कोट आणि मागं ओळीनं टांगलेली तांब्याची भांडी. बानाबाईनं तो फोटो गुलमंडीतून मोठा करून आणला, चौकट घातली आणि दारातून आत येणाऱ्याला आधी तोच दिसावा असा लावला. पोस्टमन येवो, गॅसवाला येवो, त्याला फोटोपुढं उभं केल्याशिवाय ती सोडायचीच नाही.

"माझा रामेश्वर. फ्रान्सला असतो. लई जुनं हाटेल हाय ते, निजामाच्या काळापासून चूल विझली नाय तिथली. तिथला मोठा आचारी हाय."

गॅसवाल्याला हे दर खेपेला ऐकावं लागे, आणि तोही भला माणूस दर खेपेला नव्यानं तोंडात बोटं घालायचा.

खरं तर हे घर कन्नडजवळच्या एका वाडीतलं, धनगराचं. नवरा त्रिंबक मेंढरांमागं हिंडला तो पार चाळिशी उलटेपर्यंत. रामेश्वर दहावी पास झाला आणि त्रिंबकनं एका सकाळी सगळा कळप दुसऱ्याच्या हवाली केला. मेंढरांमागची पायपीट आपल्यापाशीच संपू दे, असं त्याचं म्हणणं. शहरात येऊन तो एका कंपनीच्या गेटवर बसला, पोराला हॉटेलच्या कोर्सला घातलं. पोरगं आधी जहाजावर गेलं, तिथून फ्रान्समधल्या ल्यों नावाच्या गावात उतरलं आणि तिथलंच झालं. त्याला आता दहा वर्षं होत आली होती. दर रविवारी फोन यायचा, तो काही येत नव्हता. एकदा तिथं राहायचं कार्ड नवं व्हायचं होतं, एकदा मालक रजा देत नव्हता, एकदा आणखी काही. त्रिंबक दर दिवाळीला नवा सदरा घेऊन ठेवायचा, पोरासोबत गावाला जाताना घालायचा म्हणून. असे आठ-नऊ सदरे घडी न मोडता पेटीत राहिले.

गेल्या ज्येष्ठात त्रिंबक गेटवरच छातीला हात लावून खाली बसला, तो उठलाच नाही. रामेश्वरनं बापाची चिता फोनवर पाहिली. दहाव्याला सगळे गावाकडं शिवना नदीच्या काठावर जमले. क्रियेला बसला पुतण्या हनुमान. पिंड ठेवले, माणसं मागं सरली आणि कावळा काही शिवेना. समोरच्या बाभळीवर चांगले पाच-सहा बसलेले, पण एक खाली येईल तर शपथ. ऊन तापायला लागलं. लोकांनी मेलेल्याला शब्द द्यायला सुरुवात केली. हनुमान म्हणाला, काकूला अंतर देणार नाही. मुलगी मोनिका म्हणाली, आण्णा, माझ्या लेकरांना शिकवीन. कावळे ढिम्म.

शेवटी बानाबाई पदर सावरत उठली आणि पुढं आली.

"रामेश्वरला घरी घेऊन येते," ती म्हणाली. "माझ्या शेजारी पाटावर बसवते, जेवू घालते. तोवर मटणाला शिवायची नाय. झालं?"

ती मागं वळते न वळते तोच एक कावळा उतरला आणि भाताचं शीत घेऊन गेला. लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. बानाबाईच्या मानेवर मात्र त्या दिवशीपासून तो शब्द बसला. धनगराच्या घरातली बाई, पण पाहुणेरावळ्यांत, लग्नात, जत्रेत मटणाचं ताट समोर आलं की ती हात मागं घ्यायची. ज्यांनी शब्द ऐकला नव्हता ते म्हणत, विधवा झाली म्हणून सोडलं.

मोनिकानं तिची कागदपत्रं केली, मुंबईला चकरा मारल्या, नोकरीतली साठवलेली रजा काढली आणि एप्रिलमध्ये दोघी मायलेकी विमानात बसल्या. मोनिकाला वाटत होतं, शब्द काय, कावळ्यापुरता दिलेला; आई भावाला नुसतं भेटायला चाललीय. बानाबाई त्याला आणायला चालली होती. तिनं पिशवीत त्रिंबकच्या पेटीतला एक सदरा घेतला होता, कोरा.

रामेश्वर ल्योंच्या स्टेशनवर घ्यायला आला. बारीक झालेला, डोक्याला टक्कल पडत चाललेलं. थंडी होती म्हणून हात कोटाच्या खिशात. ते त्यानं पाया पडतानाच तेवढे बाहेर काढले आणि लगेच आत घातले. त्याच्या खोलीत आणखी तिघं राहायचे, म्हणून यांची सोय एका लॉजमध्ये केली होती. दोन दिवस तो आला की घड्याळ बघायचा आणि निघायचा. बानाबाईनं दोन्ही दिवस नुसती घरून बांधून आणलेली चटणी-भाकरी खाल्ली, तीही तो गेल्यावर.

"उद्या दुपारी आमच्या हॉटेलात या," तो म्हणाला. "कामाला दहा वर्षं झालेल्या माणसाच्या घरच्यांना तिथं एकदा मानानं जेवायला घालतात. जुनी रीत हाय त्यांची. गाईचं काही नसंल, मी सांगितलंय."

बानाबाईचा जीव भांड्यात पडला. मानाचं जेवण म्हणजे पंगत, आणि पंगत म्हटल्यावर पोरगा शेजारी बसणारच. घरी न्यायचं ते पुढं बघू, निम्मा शब्द तरी इथंच फिटेल. दुसऱ्या दिवशी तिनं गुलमंडीतून आणलेलं हिरवं इरकल नेसलं.

हॉटेल होतं मात्र नावाजण्यासारखं. भिंतभर आरसे, त्यांचा पारा कडेनं काळा पडलेला. पितळी दिवे, लाल मखमलीची बाकं, आणि जमिनीच्या फरश्या माणसांच्या पायांनी झिजून मधे खोलगट झालेल्या. वेरूळच्या पायऱ्या अशाच झिजल्यात, बानाबाईच्या मनात आलं. खिडकीजवळच्या टेबलाशी त्यांना बसवलं. दोन मोठ्या खुर्च्या आणि मधे एक बुटकी, बिनपाठीची तिसरी. बानाबाईनं ती तिसरी नीट बघून घेतली. त्या खुर्चीला धक्का लागू नये म्हणून तिनं आपली पिशवी मांडीवरच धरली.

आधी कांद्याचं सूप आलं, वर भाजलेल्या पावाचा पापुद्रा. मोनिकानं चमचा उचलला.

"थांब गं," बानाबाई म्हणाली. "त्याला येऊ दे."

"माय, तो आत कामात असंल. निवतंय ते."

"तुला खायचं तर खा. शेजारचं पान मोकळं ठेवून मी जेवायला लागू व्हय?"

मोनिकानं खाल्लं. बानाबाईचं सूप जसं आलं तसं परत गेलं. मग मासा आला, पांढऱ्या रश्शात. तोही निवला आणि परत गेला. वाढपी म्हातारा होता, काळ्या कोटातला, फार अदबीचा. त्यानं वाकून मोनिकाला इंग्रजीत काही विचारलं. मोनिका म्हणाली, आई मुलाची वाट बघतेय, इथल्या मोठ्या आचाऱ्याची. म्हातारा गोंधळला. मग त्यानं हलक्या आवाजात दोन वाक्यं सांगितली आणि मोनिकाचा चेहरा उतरला.

"काय म्हणतोय?" बानाबाईनं विचारलं.

"येतोय म्हणं," मोनिका म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

तिसरं ताट मेंढीच्या मटणाचं. मांडीचा तुकडा, मंद आचेवर तास न् तास शिजवलेला. या हॉटेलचं नाव त्याच्यावरच झालेलं. वास बानाबाईपर्यंत आला. मटण सोडून दहा महिने झाले होते. तिनं दोन्ही हात पिशवीवर घट्ट ठेवले. वाढप्यानं थोडी वाट पाहिली आणि ताटाला हात घातला, तेवढ्यात आतलं दार ढकलून रामेश्वर आला.

टोपी नव्हती, कोट नव्हता. छातीपासून गुडघ्यापर्यंत रबराचा ओला एप्रन, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. येऊन तो टेबलापाशी उभा राहिला.

"माय, जेव ना. पाया पडतो तुझ्या."

"तू बस आधी."

"मला इथं बसता येत नाय."

"का? तुझ्याच मानाचं जेवण ना हे? मग ही तिसरी खुर्ची कुणाला मांडली?"

रामेश्वरनं खुर्चीकडं पाहिलं. "ती पिशव्या ठेवायला असती, माय."

बानाबाईनं मांडीवरची पिशवी सोडली नाही. आता तिचं लक्ष त्याच्या हातांकडं गेलं. पाण्यानं पांढरे पडलेले, सुरकुतलेले, बोटांच्या पेरांवर चिरा. त्या दोघी ल्योंला आल्यापासून खिशात होते ते हे हात.

"तू जी ताटं परत पाठवतीस ना, ती माझ्याकडंच येत्यात," तो म्हणाला. "भरलेली. मीच खरवडतो ती."

"आचारी कोण मग?"

"आचारी दुसरा हाय. टोपी त्याची. फोटोपुरती मागून घेतली व्हती."

बानाबाईला खूप राग यायला हवा होता. तो आला नाही. तिला फक्त पोराला पदराखाली घ्यावं वाटलं, आणि टेबल मधे होतं.

"चल घरी," ती म्हणाली. "भांडी घासायला इतक्या लांब कशाला? मी तुझ्या बापाला शब्द दिलाय."

"घरी येऊन कोण होऊ? गल्लीत फोटो लावलाय तू माझा."

"काढून टाकते. आज सांगते हनुमानला, काढ म्हणून."

"आण्णा तो फोटो बघत गेले, माय. राहू दे तो." त्यानं ओल्या मनगटानं नाक पुसलं. "मला यायचं नाय. दर वर्षी कारण शोधायचो मी. आता शोधत नाय. हे खा. परत आलं तर आत मला विचारत्यात, तुझ्या आईला आमचं अन्न चालत नाय का."

तो गेला. दार मागं-पुढं हललं आणि थांबलं.

बानाबाईनं पिशवी त्या तिसऱ्या खुर्चीवर ठेवली. मग तिनं हातानंच तुकडा मोडला आणि तोंडात घातला. बोटांत हाड धरताच तिला कळलं, कोकरू होतं. चार महिन्यांचं असेल-नसेल, आईपासून नुकतंच तोडलेलं. तिनं सगळं खाल्लं. रस्सा पावानं पुसून घेतला, पुन्हा पुसला. मागून चीज आलं, गोड आलं, तेही तिनं असंच संपवलं. ताट आरशासारखं लख्ख झालं.

"माय, इतकं पुसत नसत्यात इथं," मोनिका रडवेली होऊन म्हणाली. "लोक बघायलेत."

"बघू दे. तेवढंच त्याला कमी."

वाढपी खूश झाला. आतल्या आचाऱ्यानं मान डोलावल्याचं त्यानं येऊन सांगितलं. सदरा तेव्हा पिशवीतच राहिला. तो तिनं परतीला निघताना रामेश्वरला दिला. बापाचा आहे एवढंच म्हणाली.

परत आल्यावर गल्ली जमली. काय खाल्लंस, कसं होतं, पोरानं स्वतः केलं का? "व्हय," बानाबाई म्हणाली, "त्याच्याच हाताखालून गेलं सगळं." गॅसवाला आला तेव्हा तिनं त्याला फोटोपुढं उभं केलं आणि मोठा आचारी हाय म्हणून सांगितलं. त्यानं तोंडात बोटं घातली.

ज्येष्ठात वर्षश्राद्ध आलं. पुन्हा शिवनेचा काठ, पुन्हा हनुमान, तीच बाभळ. बानाबाई सगळ्यांच्या मागं बसली होती. शब्द मोडला होता, मटण खाल्लं होतं, पोरगा आणला नव्हता. कावळा शिवणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. लोक विचारतील, काय राहिलं म्हणून, आणि मग चारचौघांत सांगावं लागेल. काय सांगायचं ते तिनं आठ दिवस मनात घोळवलं होतं. त्रिंबक अडून बसेल, रुसेल, भांडेल, याची तिला भीती होती आणि कुठंतरी आसही होती.

हनुमाननं घास ठेवला. तो तीन पावलं मागं सरतोय तोच कावळा उतरला आणि खायला लागला. त्याच्यामागून दुसरा आला.

"काकू, बघ!" हनुमान ओरडला. "काका खूश हायत. या खेपेला काय मागणंच नाय त्यांचं."

बानाबाईनं पदर तोंडात कोंबला. बायांना वाटलं, समाधानानं रडतेय.

"खूश नाय रे," ती म्हणाली. "वाट बघायची सोडली त्यांनी."