रेलीबाईंचा रोजचा एक

रेलीबाईंनी आजही एक दाबला होता. दुपारी बारा वाजून चार मिनिटांनी. आणि रेलीबाई तर मागच्याच आठवड्यात आमच्या वॉर्डात वारल्या होत्या.

स्क्रीन बघून माझ्या अंगावर काटा आला. मी रनाळ्यासारख्या खेड्यात वाढलेली, भुताखेतांना भीक घालत नाही. पण कॉम्प्युटर खोटं बोलत नाही यावर माझं पोट चालतं.

अक्कलकुव्याच्या त्या हॉस्पिटलात केसपेपर, वॉर्ड आणि औषधं, तिघांची तीन सॉफ्टवेअर होती. एकाचं दुसऱ्याला ठाऊक नाही. एकाने दुसऱ्याला विचारावं आणि उत्तर मिळावं, अशी सोय मी करून दिली. आमच्यात त्याला सर्व्हिस म्हणतात. त्यातलीच एक सर्व्हिस सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या पेशंटना रोज दुपारी फोन करायची. गोळी घेतली असेल तर एक दाबा. तीन दिवस एक आला नाही, की नर्सच्या यादीत ते घर यायचं. पूर्वी नर्सेस घरोघरी पायपीट करत. आता फक्त यादीतल्या घरी. काय ऐट होती मला त्याची!

वॉर्डातली मृत्यूची नोंद या फोनपर्यंत न्यायची माझ्याकडून राहून गेली होती. म्हणून फोन जात होता. पण उत्तर?

मोठे डॉक्टर मला म्हणाले, "ताई, ती मन्हा समोर गई. मंग हाई कोन दाबी ऱ्हायनं?"

"घरचं कुणी असेल."

"एकटी राहायची हो मॅडम," सिस्टर सुमन म्हणाल्या. "गावात बहीण आहे, मोगी. तिलाही सिकलसेल."

मोगीचं नाव उघडलं. रोज एक. बारा वाजून पाच. रेलीबाईंच्या बरोबर पाठोपाठ.

मी रेलीबाईंचा नंबर लावला. कुणीतरी उचलला. नुसता वारा. कुणीतरी श्वास घेत होतं. मी "कोण बोलतंय?" म्हटलं, तर बटण दाबल्याचा आवाज आला आणि फोन बंद.

दुसऱ्या दिवशी सुमनला घेऊन जीपने रेलीबाईंच्या गावाला निघाले. काठी गावाच्या पुढे रस्ता संपला, मग चढ. माथ्यावर पोचलो तेव्हा बारा वाजत होते. एकही घर नाही, माणूस नाही. एकटं मोहाचं झाड. फांद्यांना कापडी पिशव्या लटकलेल्या, एक सोलरची छोटी पाटी. तेवढ्यात एक पिशवी वाजायला लागली. थांबली. मग दुसरी. मग तिसरी.

"सुमन, चला परत," मी म्हणाले. खरंच घाबरले होते.

खोडामागून एक सुरकुतलेला हात आला. पिशवीतला फोन काढला, बटण दाबलं, परत ठेवला.

शेळ्या राखणारे आजोबा होते. सुमन त्यांच्याशी भिलीत बोलल्या आणि मला सांगितलं. गाव खाली दरीत. रेंज फक्त इथे. म्हणून सगळ्यांचे फोन इथेच टांगलेले. झाडाखाली जो असेल तो सगळ्यांचे फोन घेतो, निरोप असला तर खाली पोचवतो. हा दुपारचा फोन एक दाबला की गप्प होतो, म्हणून ते दाबतात. काल माझ्या फोनलाही त्यांनी तेच केलं होतं. रेलीचा फोन कुणी काढलाच नव्हता.

"म्हणजे मोगीचाही..." माझं वाक्य पुरं होईपर्यंत सुमन उतरायला लागल्या होत्या.

मोगी घरात पडून होती. अंगात ताप, हातपाय दुखून हलवता येत नव्हते. गोळ्या कधीच संपल्या होत्या. आमच्या कागदावर ती ठणठणीत. चार जणांनी झोळी करून तिला जीपपर्यंत आणलं. वाचली. पण डॉक्टर म्हणाले, अजून दोन दिवस गेले असते तर अवघड होतं.

परतल्यावर मी औषधांचं सॉफ्टवेअर उघडलं. मोगीने या महिन्याच्या गोळ्या नेल्याच नाहीत, हे तिथे लिहिलेलं होतं. विचारायची सोय मीच केली होती. विचारलं मात्र नव्हतं. शरमेने मान खाली गेली.

आता एक आला तरी सर्व्हिस आधी औषधांच्या काउंटरला विचारते. आणि महिन्यातून एकदा नर्स प्रत्येक घरी जाते, यादी काहीही म्हणो.

रेलीबाईंचं नाव मी माझ्या हाताने बंद केलं. वॉर्डातल्या मृत्यूची ती जोडणी मी पहिल्याच दिवशी नीट केली असती, तर त्यांचा फोन लगेच थांबला असता आणि आम्ही त्या झाडापर्यंत गेलोच नसतो. मोगीचा एक मात्र रोज येत राहिला असता, ती घरीच वारल्यानंतरही.