लाभाची पाटी

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्वदीर्घ मला कधीच धड जमलं नाही, त्याची माफी आधीच मागते. ही वही कोणाला दाखवायची नाही, तरी मागते. चौथी झाल्यावर शाळा सुटली. पुढे लेखणी हातात आली ती एकाच कामासाठी, आणि ते काम मी कसं केलं ते लिहायला बसले आहे.

तेव्हा भाईंदरच्या खाडीवर कोळशाची वखार होती. मुंबईहून पडाव, म्हणजे मालाच्या मोठ्या होड्या, भरतीबरोबर कोळसा घेऊन यायचे. मिठाच्या होड्या ओढून नेणाऱ्या वाफेच्या आगबोटी याच वखारीतून कोळसा घ्यायच्या. पडाव धक्क्याला लागला की दोन फळ्या टाकत. एकीवरून बाया रिकाम्या पाट्या घेऊन आत जात, दुसरीवरून भरलेल्या डोक्यावर घेऊन बाहेर येत आणि वखारीच्या ढिगावर ओतत. सहा बायांची टोळी होती. माझी आई त्यांतली एक. वडील मिठागरात कामाला होते, पण मिठाचं काम पावसाळ्यात बंद असतं, म्हणून आईने ही पाटी धरली होती.

मी आईची भाकरी घेऊन जायची. एकदा वखारीच्या मुनिमाने मला गोणीवरचा छाप वाचताना पाहिलं. युद्ध सुरू झालं होतं आणि त्याचा लिहिणारा माणूस मुंबईत गोदीवर निघून गेला होता. त्याने आईला विचारलं, "पोरगी लिहिते काय गं?"

आई म्हणाली, "चार बुकं शिकलीय. तिच्या बापाला वाटतं मास्तरीण झाली."

बाया हसल्या. दुसऱ्या दिवसापासून मी वखारीच्या दारात खोक्यावर बसले. पडावाला आठ आणे ठरले. मी सोळा वर्षांची होते आणि कोणाशी मान वर करून बोलत नव्हते, पण मांडीवर वही आल्यावर माझी पाठ ताठ झाली हे मला आजही आठवतं.

मोजणी अशी व्हायची. पडावाचा तांडेल फळीच्या तोंडाशी उभा राहून ओरडायचा. पहिल्या पाटीला तो एक म्हणत नसे, लाभ म्हणत असे. लाभ, दोन, तीन, असं वीसपर्यंत. वीस पाट्यांची एक कोडी. कोडी भरली की पुन्हा लाभ. मुनिमाने मला एवढंच सांगितलं, "कोडी झाली की पाट्या मांडायच्या. संध्याकाळी बेरीज करून मला द्यायची. वीस पाट्यांना दोन आणे, ते सहा जणींत वाटायचे."

लाभ म्हणजे काय हे मी विचारलं नाही. विचारायची लाज वाटली. लिहिणारीने असं विचारावं का? मला वाटलं मला समजलंच आहे. आमच्या मिठागरात हंगामाची पहिली पाटी गावदेवीच्या नावाने बाजूला काढत, ती कोणाच्या मजुरीत धरत नसत. मला वाटलं तसंच हे. लाभाची पाटी मालकाची, मजुरी दोनपासून. दोन ते वीस म्हणजे एकोणीस, हा हिशेब मी शाळेतल्यासारखा बोटांवर करून पाहिला आणि पहिल्याच दिवशी प्रत्येक कोडीपुढे एकोणीस मांडले. संध्याकाळी मुनिमाने वही पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बरं लिहितेस."

पडाव साधारण तीस कोड्यांचा असे. माझ्या वहीत त्याच्या साडेअठ्ठावीस होत. दर पडावाला दर बाईचे दोन पैसे जात होते. दोन पैसे कोणाच्या चटकन ध्यानात येत नाहीत. अंगभर कोळसा, संध्याकाळ झालेली, घरी चूल पेटायची असते.

एकीच्या मात्र ध्यानात आले. ती तारोडी गावची बाई होती. भाईंदरला बहिणीकडे राहून काम करायची. वयाने आईएवढी, गळ्यात क्रूस, आणि कमरेला जपमाळ खोचलेली. एक कोडी झाली की ती माळेचा एक मणी सरकवायची. बाया तिला चिडवायच्या.

"अगो, तुझी मारिया काळी पडली असंल कोळशानं."

"पडू दे. ती माझ्यासंगती पाटी उचलतेय, तुमच्यासंगती कोण हाय?"

मी वही धरून चारेक महिने झाले असतील. मजुरी वाटताना ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "बाय, माझ्या माळेवर तीस कोड्या हायत. तू साडेअठ्ठावीस सांगतेस. मागल्या पडावालाबी तसंच झालं. जरा बघ ना."

ती हळू बोलली होती. मला एकटीला ऐकू जावं एवढंच. मी वही उघडून तिला समजावून सांगितलं असतं तर गोष्ट तिथेच सुटली असती, कारण लाभाची पाटी मालकाची असं मी म्हणाले असते आणि सहाही जणी मला हसल्या असत्या. पण मुनीम जवळच होता, आई होती, आणि माझ्या हातात वही होती. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माळेवर देवाचं नाव मोजतात, पाट्या मोजत नाहीत. मोजायला शाळेत जावं लागतं."

मी आयुष्यात इतकं मोठ्याने कधी बोलले नव्हते. मुनीम हसला. मग बायाही हसल्या. आई म्हणाली, "माझी पोर खोटं लिहील काय गो? काय बोलतेस?"

 तारोडीच्या बाईने माळ कमरेतून काढली, पदराने पुसली आणि चोळीच्या आत ठेवली. त्यानंतर तिला मणी सरकवताना मी पाहिलं नाही. पण बायांना खेळ मिळाला. पाटी ओतताना कोणीतरी म्हणायची, "मास्तरीण, हिची मोजलीस ना? न्हायतर देवाला विचारंल." असं पुष्कळ दिवस चाललं. एक दिवस ती आली नाही. बहीण सांगून गेली की ती तारोडीला परतली, मासळी सुकवायला. तिच्या जागी जवळच्या राई गावची एक बाई आली आणि काम चालू राहिलं.

दिवाळीला मुनिमाने मला निळं लुगडं दिलं. म्हणाला, शेठ खूश आहे. आईने ते शेजारपाजारी दाखवलं. मी ते नेसून वखारीवर गेले तेव्हा त्या बायांनी काठ हातात घेऊन पाहिला. त्यांच्या हातांचा कोळसा काठाला लागेल म्हणून मी मागे सरकले. हे लिहिताना हात थांबतो, पण सरकले होते.

आमच्या घरात तांदूळ शेतातला असायचा. दुकानातून तेल, गूळ आई आणायची. त्या वर्षी घरचा तांदूळ लवकर संपला. आईचा पाय फळीवरून घसरून सुजला होता, म्हणून तिने मला दुकानात धाडलं. गुजराती दुकानदार होता, बायांशी मराठी बोलायचा. मी पाच मापटी मागितली. त्याने पहिलं मापटं माझ्या पिशवीत ओतलं आणि म्हणाला, "लाभ." मग दोन, तीन, चार, पाच. पिशवीचं तोंड बांधून त्याने पाच मापट्यांचे पैसे सांगितले.

मी म्हणाले, "चाराचे ना? पहिलं लाभाचं होतं."

"ते पण तांदूळच होतं ना, बेन?"

"पण लाभाचं मालकाचं असतं."

तो मागे बसलेल्या भावाला म्हणाला, "ऐकलं का, पहिलं मापटं फुकट. असं असतं तर गिऱ्हाईक रोज येऊन एकच मापटं घेऊन गेलं असतं." आणि मग मला, जरा मायेने, "एक म्हटलं की धंदा एकावर अडतो, म्हणून लाभ म्हणतात, बेन. लाभ म्हणजे एकच."

मी पाच मापट्यांचे पैसे दिले. पिशवी डोक्यावर घेतली आणि घराकडे न जाता खाडीच्या बाजूला गेले. ओहोटी होती. चिखलात एक रिकामा पडाव कलंडला होता. मी तिथे बसून मोजलं. तोपर्यंत चाळीस पडाव झाले होते. दर बाईचा एक रुपया चार आणे. सहा जागांचे साडेसात रुपये. तेव्हाच्या साडेसात रुपयांत काय काय येत होतं ते मी सांगत बसत नाही. आमच्या घरात ते एकत्र मी कधी पाहिले नव्हते.

पुढचा पडाव आला त्या दिवशी मी प्रत्येक कोडीपुढे वीस मांडले. संध्याकाळी मुनिमाने वही घेतली, पानावर बोट फिरवलं आणि हळूच म्हणाला, "आता वीस लिहायला लागलीस?"

तेव्हा मला कळलं की त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तो म्हणाला, "मी शेठला सांगितलं होतं, पोरगी हुशार आहे, आपलं बघते. लुगडं कशाचं होतं मग?"

तेव्हाच मी बोलायला हवं होतं. मागचे पैसे वखारीने द्यावेत असं सगळ्यांसमोर म्हणायला हवं होतं. सहा बाया, एक तांडेल आणि माझी वही असताना त्याला द्यावेच लागले असते. पण तसं म्हणायचं तर चाळीस पडाव मी चुकीचं लिहिलं हे सांगावं लागलं असतं, आणि ते मी चुकून केलं यावर कोणाचा विश्वास बसणार? लुगडं तर सगळ्यांनी पाहिलं होतं. मी मान खाली घातली. मुनीम म्हणाला, "बरं, लिही वीस," आणि निघून गेला. त्या दिवशी मजुरी दोन पैसे जास्त आली म्हणून एका बाईने माझ्या गालावरून हात फिरवला. म्हणाली, "मास्तरणीच्या हाताला गुण आला गो."

पुढच्या पावसाळ्यात मी ते काम सोडलं. आईला सांगितलं की डोळे दुखतात. मिठागरात गोण्या शिवायला लागले. गोणीमागे पैसे मिळायचे, त्यातले थोडे आईला न सांगता एका डब्यात टाकायची. लुगडं विकलं, त्याचे साडेतीन आले. उरलेले जमायला दोन हंगाम लागले.

आईचे मी तिच्या पदराच्या गाठीत बांधून ठेवले. तिला वाटलं वडिलांनी ठेवले, आणि ती दोन दिवस त्यांच्याशी गोड बोलत होती. बाकी चौघींना मी खोटी कारणं काढून दिले. एकीच्या सुनेला मूल झालं म्हणून, एकीला गावदेवीच्या जत्रेत बांगड्या भर म्हणून. एकीला नुसतेच दिले आणि पळाले. खरं कोणालाच सांगितलं नाही. पैसे फिटत होते, पण मला हलकं वाटत नव्हतं.

तारोडीच्या बाईकडे कारण काढता येणार नव्हतं. अर्धी वाट बैलगाडी मिळाली, पुढे चालत गेले. ती घरापुढे बांबूच्या वलांडीवर बोंबील टांगत होती. मला ओळखलं. म्हणाली, "मास्तरीण तू? बस." आणि आपलं काम करत राहिली.

मी उभ्यानेच सांगितलं. लाभाची पाटी, एकोणीस, दुकानदार, सगळं. मी काय बोलले होते तेही पुन्हा बोलून दाखवलं, कारण ते वगळलं असतं तर तिने वगळू दिलं असतं असं मला वाटलं. ती बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवत ऐकत होती.

शेवटी म्हणाली, "मला वाटलं तू खाल्लेस."

"न्हाय."

"चुकलीस व्हय?"

"चुकले. पण नंतर कळलं तेव्हा गप्प बसले."

"हां. ते खाल्ल्यासारखंच हाय." एवढं म्हणून तिने हात पुसले आणि पुढे केले. मी एक रुपया चार आणे ठेवले. तिने पाहिले आणि विचारलं, "हे किती पडावांचे?"

"चाळीस."

"मी अठ्ठावीस पडाव उचलले. माळ ठेवली तरी पडाव बोटांवर मोजत व्हते, म्हणून ध्यानात हाय. अठ्ठाविसाचे चौदा आणे होतात." तिने आतून सुटे आणून सहा आणे माझ्या हातावर ठेवले. "बारा पडाव माझ्या जागी कोण होती?"

राईची बाई. मी तिला विसरलेच होते. चाळीस पडावांच्या हिशेबात मी सहा बाया धरल्या होत्या, आणि सातवी माझ्या डोळ्यांसमोर पाटी वाहत होती.

"चार बुकं शिकून मोजता येत न्हाय तुला अजून," ती म्हणाली. ती हसली नव्हती, रागावलीही नव्हती. निघताना तिने मला सुके बोंबील दिले नाहीत. गावात कोणी आलं की देतात. ती रीत मला ठाऊक होती, आणि तिलाही.

दुसऱ्या दिवशी मी राईला गेले. ती बाई दारात तांदूळ निवडत होती. या वेळी मी कारण काढलं नाही. वखारीत मी तुझ्या बारा पडावांची मजुरी कमी लिहिली, असं सरळ सांगितलं. तिला आधी काही उमजेना, मग तिने सासूला हाक मारली, आणि मला ते सगळं सासूसमोर पुन्हा सांगावं लागलं. सासू म्हणाली, "बघितलंस, शिकलेल्या पोरी." सुनेने सहा आणे मोजून घेतले, सुपाच्या कडेला ठेवले आणि निवडायला लागली. मी घरी आले, डबा उघडून पाहिला. त्यात काही उरलं नव्हतं.