पाटाची बायको

माझ्या पहिल्या कादंबरीचा हिंदी अनुवाद मी छापू दिला नाही, आणि अनुवाद करणारा दोस्त त्यात गमावला. एका शब्दापायी एवढं, असं लोक म्हणाले. हो, एवढं!

तो वर्ध्याला शाळेत हिंदी शिकवायचा, मी कचेरीत कारकून. संध्याकाळी चहाच्या दुकानात तो माझी पानं हिंदीत वाचून दाखवायचा. असे हातवारे करायचा की शेजारच्या बाकावरचेही चहा विसरायचे. रविवारी सायकली काढून आम्ही सेलूकडच्या माझ्या गावी जायचो. माय त्याला भाकरी वाढायची आणि हा बोटं चाटत जेवायचा. अनुवाद पुरा झाला, जबलपूरचा प्रकाशकही मिळाला. आपल्या नावाचं पुस्तक निघणार म्हणून गड्याचे पाय जमिनीवर नव्हते. माझा होकार तेवढा बाकी होता.

कादंबरी माझ्या मायचीच, हे त्याला ठाऊक होतं. तिचा पहिला नवरा पटकीच्या साथीत गेला. पुढं माझ्या बापानं तिच्याशी पाट लावला, आणि मग मी झालो. पाट म्हणजे आमच्यात विधवेचं दुसरं लग्न. मांडव नाही, वाजंत्री नाही, सारं अंधार पडल्यावर. पण जातीचे जाणते समोर बसतात, बाईला नवं लुगडं नेसवतात, बांगड्या भरतात, आणि ती उजळ माथ्यानं त्या घरची होते.

होकार देण्याआधी मी सगळा अनुवाद वाचला. दुकानात न ऐकलेल्या एका पानावर लिहिलं होतं, ‘बाप ने उसे रख लिया।’

ठेवलं! माझ्या मायला!

"हे काय लिहिलं बे?" मी विचारलं.

"पाटाची बाई म्हणजे तेच ना यार? आमच्या घरी तर सगळे असंच म्हणतात."

तो टोमणा मारत नव्हता. अगदी सहज बोलला, म्हणूनच माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मग मी कोण रे? ठेवलेल्या बाईचा?"

त्याचा चेहरा उतरला. "अरे, खोडतो ना. एक शब्द तर आहे. पुनर्विवाह लिहितो."

"राहू दे. छापायचंच नाही."

त्यानं फार गयावया केली. त्याची सगळी मेहनत पाण्यात चालली होती, ते मला दिसत होतं, वाईटही वाटत होतं. पण शब्द खोडता आला असता. त्याच्या डोक्यातली माझी माय कशी खोडणार? शेवटी तो कागद पिशवीत भरून उठला. पुन्हा आम्ही बोललो नाही.

रविवारी एकटाच गावी गेलो.

"तुहा दोस्त काऊन नाई आला?" मायनं विचारलं.

बिनसलं, म्हटलं. त्यानं पुस्तकात तुझ्याबद्दल वाकडं लिहिलं. तो शब्द काही तोंडातून निघेना. तिनंच काढला.

"ठेवलेली म्हटलं का?"

मी मान खाली घातली.

"मले ठाऊक होतं," चुलीतलं लाकूड मागं ओढत ती म्हणाली. "तुह्या बापाच्या पाया पडे तो, आला की पडे. माह्या कधी पडला? तुले दिसलं नाई?"

खरंच दिसलं नव्हतं. मला रडूच कोसळलं.

"मंग त्याले जेवाले कायले वाढे तू?"

"तुले दुसरा दोस्त नव्हता नं, बापा."