केबलचा ट्रक आणि एक पोस्टकार्ड

ती घटना आठवायला मला कधी प्रयत्न करावा लागला नाही. विसरायचा मात्र पुष्कळ केला.

भिलाईचा पोलाद कारखाना तेव्हा उभा राहत होता. मी नवा फौजदार होतो. आमचे ठाणे मजुरांच्या कॅम्प-१ च्या कडेला होते, पत्र्याच्या दोन खोल्यांचे. सकाळी रोजनामचा उघडला की आधी पानावरची लाल धूळ फुंकावी लागे. सायकलचोऱ्या, दारू पिऊन झालेली डोकेफोड, मजुरीला आलेला माणूस हरवल्याची खबर, हेच रोजचे काम. माणसे इतक्या दुरून आलेली असत की अर्ध्या लोकांची भाषा आम्हाला कळत नसे. त्यांना तर आमची अजिबात कळत नसे.

त्या दिवशी एका वाहतूक कंपनीचा मुनीम तक्रार घेऊन आला. कारखान्याच्या गेटाबाहेर रांगेत उभा असलेला त्यांचा ट्रक ड्रायव्हरसकट गायब होता. ट्रकमध्ये तांब्याच्या केबलचे सात ड्रम होते. तांबे म्हटल्यावर मी सावध झालो. गुन्हा नोंदवला, कलम ४०८, नोकराने केलेला अपहार. वरच्या साहेबांचा फोनही आला की कारखान्याचा माल आहे, लवकर निकाल लावा.

चौकशीसाठी गेटावर गेलो. चाळीस-पन्नास ट्रक एकामागे एक उभे होते. ड्रायव्हर गाड्यांखाली सावलीत झोपलेले. कोणाचा तिसरा दिवस, कोणाचा सहावा. नंबर जाईल म्हणून गाडी सोडून कोणी हलत नव्हते. एका म्हाताऱ्या ड्रायव्हरला विचारले, मुनीम काय सांगतो? तो हसला.

“मुनीम सायकलीवर येते, वही पाहाते, चालला जाते. कोन्तं गेट, आज का उद्या, इचारलं तं म्हनते वरून काई आलं नाई. रशियाचे साहेब हातवारे करून सांगतात, तेवढंबी हा सांगत नाई.”

“आणि पळून गेलेला कसा होता?” मी विचारले.

“पळून कायले जाईल साहेब? त्याच्या टाकीत डिझेल होतं काय?”

हे मी ऐकले, पण डायरीत लिहिले नाही. त्या वयात मला चोर हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅम्पातल्या चहावाल्याकडून खबर मिळाली. ट्रक जामुलकडे एका तळ्याच्या काठी उभा होता. जाऊन पाहिले तर ताडपत्रीची एक गाठही सुटलेली नव्हती. सातही ड्रम जागेवर. शेजारी बाजेवर एक शेतकरी राखणीला बसला होता. “संगवारी गाडी देखे बर कहिके गे हे,” म्हणाला, म्हणजे मित्र गाडी सांभाळायला सांगून गेला आहे. माल विकायला निघालेला माणूस असा राखणदार बसवून जात नाही, हे मला तिथेच समजायला हवे होते. मी त्या शेतकऱ्यालाच दरडावले.

तोवर आमच्या शिपायाने ड्रायव्हरला ठाण्यात धरून आणले. दुर्ग स्टेशनसमोर बसमधून उतरत असतानाच पकडला होता. स्टेशनजवळ सापडला म्हणजे पळून जात होता, असा सरळ हिशेब आम्ही केला.

माणूस तिशीचा असेल, भंडाऱ्याकडचा. माझे गाव त्याच भागातले, म्हणून त्याची बोली मला घरच्यासारखी वाटली. पण मी खुर्चीवरून तसे दाखवले नाही.

“मी चोर नोहो, साहेब. मले एक डाव फलाटावर पाहून येऊ द्या. मंग काय मारायचं ते मारा.”

“कोणाला पाहायचं आहे?”

“बायकोले. लाइनीतल्या एका ड्रायव्हरनं सांगतलं. टेशनवर एक बाई पेटी घेऊन बसली हाय, येनाऱ्या-जानाऱ्याले माह्या नावानं इचारून राहिली. मले तं काई खबरच नाई. गाडी तिथं सोडली असती तं मुनीम बोंबलला असता, आन् दुर्गपर्यंत जायले डिझेल नाई. म्हनून गाडी जामुलले वळखीच्या मानसापाशी ठेवली. रातच्याले बस नोती, सकाळची धरली.”

आमचे हेड कॉन्स्टेबल लिहिता लिहिता म्हणाले, “आमच्या बायका तं घरी राहातात बाबा. तुही फलाटावर कायले राहाते?”

शिपाई हसले. मीही हसलो. मग मी त्याला दोन थपडा मारल्या. हे आजवर कुठे लिहिले नव्हते, आज लिहितो. त्याने हात वर केला नाही. “एक डाव पाहून येऊ द्या,” एवढेच पुन्हा म्हणाला.

दुपारी त्या कंपनीचे रजिस्टर जप्त करायला मी दुर्गच्या कचेरीत गेलो. टेबलाचा खण उघडला तर सुतळीने बांधलेला पोस्टकार्डांचा गठ्ठा निघाला. दोन तारासुद्धा होत्या. सगळे ड्रायव्हरांच्या नावाने आलेले टपाल. मुनीम जराही लाजला नाही.

“साहेब, घरची चिठ्ठी हाती पडली का हे लोक गाडी टाकून चालले जातात. माल खाली केल्याची पावती आनाची आन् चिठ्ठी न्याची, असा आमचा कायदा हाय.”

गठ्ठ्यात आमच्या ड्रायव्हरच्या नावाचे कार्ड होते. गावातल्या कोणा शिकलेल्याने बाईच्या सांगण्यावरून लिहिलेले. मजकूर थोडा होता. भावाने घरात ठेवले नाही, मंगळवारच्या गाडीने दुर्गला येत आहे, स्टेशनवर या. तीन दिवस वाट पाहीन. आला नाहीत तर समजेन की तुम्हालाही मी नको.

मंगळवारपासूनचा तो तिसरा दिवस होता.

म्हणजे माणूस खरे बोलत होता, हे मला तिथे उभ्या उभ्या कळले. स्टेशन त्या कचेरीपासून पायी दहा मिनिटांवर होते. मी गेलो नाही. पंच बोलावले, जप्तीचा पंचनामा केला, प्रत्येक कार्डावर सही घेतली. मनात एवढेच होते की आता मुनिमावर केस उभी राहील आणि ड्रायव्हर त्यात साक्षीदार होईल. त्याचा जबाब मात्र कार्ड ऐकण्याआधी व्हायला हवा. एकदा कार्ड ऐकले की तो उठून पळेल, जबाब अर्धा राहील.

ठाण्यात परतलो. हेड कॉन्स्टेबल कोर्टाच्या कामाला गेले होते. ते येईपर्यंत थांबलो. मग सावकाश जबाब लिहिला, वाचून दाखवला, अंगठा घेतला. तेव्हा कुठे खिशातून कार्ड काढून मी त्याला वाचून दाखवले.

“आनखी एक डाव वाचा,” तो म्हणाला. मी वाचले.

“हे कधी भेटलं तुमाले?”

“दुपारी.”

तो आपल्या अंगठ्याची शाई पाहत बसला. मग म्हणाला, “म्हंजे तुमीबी पावती घेतल्यावरच देल्लं.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. मुनिमाबद्दलही तो असाच बोलला होता, थकल्यासारखा.

जीप काढून आम्ही दुर्गला गेलो. फलाट रिकामा होता. पाण्याच्या नळाजवळ एक कुली बसला होता. त्याने लगेच सांगितले, “तीन दिन ले बइठे रिहिस साहब. आज चार बजे के पसिंजर म चल दिस.” म्हणजे तीन दिवस बसून होती, आज चारच्या पॅसेंजरने निघून गेली. पेटी उचलायला तो पुढे झाला होता, पण बाईने स्वतःच उचलली. कोणत्या बाजूची गाडी, हे त्याला सांगता येईना. त्या वेळी दोन्हीकडच्या गाड्या उभ्या होत्या.

ड्रायव्हर नळाजवळच्या बाकापाशी गेला. ती कुठे बसली होती ते कुलीला विचारून घेतले आणि त्या जागेवर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिला. मग माझ्याकडे येऊन म्हणाला, “साहेब, ते कार्ड मले द्या.”

कार्ड पंचनाम्यात होते. मी म्हणालो, “आता ते कोर्टाचे आहे, देता येत नाही.”

“बरं,” तो म्हणाला. पुढच्या गाडीने भंडाऱ्याकडे जातो म्हणाला, आणि गेला. साक्षीला तो कधी आला नाही. समन्स तीनदा परत आले, पत्त्यावर सापडत नाही असा शेरा घेऊन. मुनिमावरची केस पुराव्याअभावी संपली. ड्रायव्हरवरचा गुन्हा बंद करण्याचा खात्मा अहवाल मीच लिहिला, तक्रार चुकीची होती असा. त्यात थपडा नव्हत्या आणि त्या दुपारचे चार तासही नव्हते.

पुढे मी अनेक ठाणी पाहिली. प्रत्येक ठिकाणी शिपायांना एक गोष्ट सांगत आलो. कोठडीतल्या माणसासाठी निरोप आला तर आधी तो त्याला द्या, मग लिहायचे ते लिहा. जबाब अर्धा राहिला तर राहू द्या. काहींनी ऐकले, काहींनी माझ्यामागे चेष्टा केली. प्रकृतीने साथ दिली नाही म्हणून मुदतीआधी नोकरी सोडली, त्या दिवशीही निरोपाच्या भाषणात मी हेच बोललो. लोकांना वाटले, साहेब शिस्तीबद्दल बोलत आहेत.

त्याआधी, नोकरीत असतानाच, त्या ठाण्याचे जुने कागद नष्ट करायची वेळ आली तेव्हा यादी तपासायला मी होतो. ते कार्ड मी काढून घेतले. आजही ते माझ्या ट्रंकेत आहे. त्याच्यावर बाईच्या भावाच्या गावाचे नाव आहे, पोस्टाचा शिक्काही वाचता येतो. तिला तेव्हा कोणी सांगितले नसेल की नवरा बसमधून उतरला होता, फलाटापासून शंभर पावलांवर होता, आणि त्याला आम्ही धरून नेले.

तिला हे सांगणारे पत्र मी अनेकदा लिहायला घेतले. दर वेळी काही तरी निमित्त काढून ठेवून दिले. मुनीमही कार्डे अशीच खणात ठेवत होता.