काटा आलेली गाडी

लोणीताईला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारी आता एक आईच उरली होती. बाकी सगळ्यांची ती लोणीताई. गाडीला पॉलिश करून झालं की ती पत्र्यावरून हलकेच तळहात फिरवायची आणि स्वतःशीच म्हणायची, "झालं लोणी." तेच नाव तिला चिकटलं.

दादाचं गाड्या धुण्याचं केंद्र होतं. पुढच्या अंगणात पाण्याचे फवारे, फेस आणि दादाचा आरडाओरडा. मागची खोली मात्र तिची, लांबट, गार, छताला ओळीने दिव्यांच्या नळ्या. पंधरा वर्षांपूर्वी ती दादाचा डबा द्यायला आली होती. एका गाडीच्या दारावर धुकट डाग राहिलेला दिसला, म्हणून फडकं उचललं आणि पुसत बसली. डब्याची आठवण झाली तेव्हा दादा भुकेने पोट धरून दारात उभा होता. त्या दिवसापासून ती तिथेच रमली. रंगाच्या खाली आणखी रंग दिसायचा, त्याच्याही खाली दिव्यांच्या ओळी तरंगायच्या, आणि ती तळ्याकाठी बसल्यासारखी तासन्‌तास बघत राहायची. वहिनी म्हणायची, "ही गाडी पुसत नाही, गाडीत बुडते."

गंमत अशी की तिला गाडी चालवता येत नव्हती. एकोणीस वर्षांची असताना दादाने एकदा स्टिअरिंगवर बसवलं, तर तिने गाडी सरळ नेऊन फाटकावर घातली. अख्ख्या गल्लीत हसं झालं. पुन्हा ती त्या सीटवर बसली नाही. खोलीत गाडी आणायची दादाने, बाहेर काढायचीही दादानेच.

त्या वर्षी जवळच्या एका उंच इमारतीच्या गच्चीवरच्या कठड्यांना फवाऱ्याने रंग द्यायचं काम निघालं. दुपारी वारा सुटला. रंगाचं धुकं उडालं आणि खाली उभ्या असलेल्या गाड्यांवर अलगद उतरलं. रंगकामाचा ठेकेदार माणूस सरळ होता. चूक कबूल करून त्याने सगळ्या गाड्या लोणीताईकडे पाठवल्या. काळ्या, लाल, निळ्या अशा दहा गाड्या आल्या. त्यांच्यावर पीठ सांडल्यासारखे पांढुरके ठिपके लांबूनही दिसत होते.

अकरावी गाडी जुनी होती, सायीच्या रंगाची. तिच्यासोबत एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची मुलगी आली. गृहस्थांनी मुलीचा दंड धरला होता. चाळीस वर्षं त्यांनी लोकांना गाडी चालवायला शिकवलं होतं, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. तीन वर्षांपूर्वी त्यांची नजर पार गेली.

ठेकेदार गाडीभोवती दोन चकरा मारून म्हणाला, "मास्तर, तुमच्या गाडीवर काहीच नाही हो. चांगली आहे की."

"गाडीला काटा आलाय," मास्तर म्हणाले. "मी रोज सकाळी तिच्यावरून हात फिरवतो. परवापर्यंत नव्हता."

मुलगी ओशाळली. हळू आवाजात ती लोणीताईला म्हणाली, "बाबांना हल्ली असं काहीबाही वाटतं. तुम्ही मनावर घेऊ नका."

लोणीताई गाडीजवळ गेली. तिने एक पातळ प्लास्टिकची पिशवी हातात चढवली. पिशवीतून बोटांना बारीकसारीक खडबडसुद्धा मोठी लागते, हे तिला अनुभवाने माहीत होतं. तिने डोळे मिटले आणि बोनेटवरून हात सरकवला. बारीक वाळू! गाडीचा रंग आणि उडालेला रंग इतके एकसारखे होते की डोळ्यांना पत्ताच लागत नव्हता.

"मास्तरांचं बरोबर आहे," ती म्हणाली. "टपापासून डिकीपर्यंत काटा आहे."

ठेकेदाराने तोंडात बोट घातलं. मास्तर मात्र एवढंच म्हणाले, "मग मी इथेच बसतो."

कामाच्या वेळी मालक खोलीत नको, हा तिचा शिरस्ता. पण त्या दिवशी तिने स्वतः स्टूल आणून ठेवलं. गाडी आधीच धुतलेली होती. पत्रा थंड झाल्यावर तिने निसरडं पाणी फवारलं, चिकटलेले कण ओढून घेणारा, मळलेल्या कणकेसारखा मऊ क्लेचा गोळा चपटा केला आणि बोनेटवर सरळ रेषेत फिरवू लागली. दाबायचं नाही, नुसतं सरकवायचं. सुरुवातीला खरखर आवाज आला. मग तो विरत गेला आणि उरली फक्त पाण्याची कुजबुज.

"इथलं निघालं," मास्तर स्टुलावरून म्हणाले.

तिने वर पाहिलं. "आवाजावरून कळलं?"

"चाळीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून आवाजच ऐकले की. शिकणाऱ्याचा पाय कुठे चुकतोय, ते मला इंजिन सांगायचं."

गोळा मळला की ती घडी घालून नवी बाजू वर आणी. एकदा तो हातातून निसटून फरशीवर पडला, तर तिने सरळ टाकून दिला आणि नवा घेतला. एक कण चिकटला असता तरी रंगावर ओरखडे आले असते. दुपारपर्यंत तिने टप, दारं, डिकी सगळं साफ केलं. काचांवरचे ठिपके पात्याने अलगद सोडवले. मग मास्तर उठले. गाडीच्या कडेकडेने चालत, बोटं टेकवत, जणू कुणा झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये अशा बेताने त्यांनी सगळी गाडी चाचपली. मागच्या दाराच्या मुठीखाली थांबले.

"इथे जरा राहिलंय."

खरंच राहिलं होतं. नखाएवढं! लोणीताईला राग यायला हवा होता, पण हसू आलं. तेवढं काढून तिने शेवटचं पॉलिश केलं. सायीच्या रंगात दिव्यांच्या ओळी उतरल्या, मऊ, लांबच लांब. बघता बघता ती हरवली.

"आता बाहेर काढ," मास्तर म्हणाले.

"दादाला बोलावते. मला चालवता येत नाही."

मास्तरांनी तिच्या आवाजाकडे मान वळवली. "इतक्या गाड्यांना हात लावतेस आणि एकही चालवली नाहीस? पोरी, रविवारी मोकळी असशील तर त्या बंद पडलेल्या कारखान्याच्या मैदानात ये."

जावं की नाही, यात तिचे चार दिवस गेले. रविवारी गेली. मैदान एवढं मोठं की आपटायला काहीच नव्हतं. मुलगी नजर ठेवायला मागे बसली, मास्तर शेजारी. लोणीताईने दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं.

"क्लच सोड. हळू... आणखी हळू. तू गोळा फिरवतेस ना, तशी. दाबू नकोस."

गाडी हलली. धक्का नाही, आचका नाही. कोरड्या गवतावरून ती अशी निघाली की लोणीताईला वाटलं, आपण नाही, मैदानच मागे सरकतंय. पंधरा वर्षं ज्या बोनेटांत ती वाकून बघत आली, त्यांतल्या एकाला आज ती आतून बघत होती. अख्खं आभाळ त्याच्यावरून वाहत काचेकडे येत होतं.

"दुसरा गिअर टाक," मास्तर म्हणाले. "मागतेय ती. ऐकू येत नाही?"

आणि तिला ऐकू आलं.

तीन महिने दर रविवारी हे चाललं. परीक्षेत ती पहिल्याच खेपेला पास झाली. दादाला खरं वाटेना, त्याने परवाना उलटसुलट करून दोनदा बघितला. आता ती गाड्या स्वतःच आत-बाहेर करते. मंगळवारी मास्तर येतात आणि तयार झालेल्या गाड्यांवरून हात फिरवतात. त्या दिवशी त्यांनी मान डोलावल्याशिवाय तिच्या खोलीतून गाडी बाहेर पडत नाही. मुलगी वहिनीला सांगते, "बाबा सोमवारपासूनच नखं कापून बसतात."

परवा लोणीताई त्यांना त्यांच्याच गाडीतून घरी सोडायला निघाली. पुलाच्या चढावर गाडी बंद पडली. मागे रांग लागली, भोंग्यांचा नुसता गलका उठला. तिच्या कपाळावर घाम आला.

मास्तरांनी सीटवर मान टेकली. "वाजवू दे त्यांना," ते म्हणाले. "तू सावकाश सुरू कर."